मराठी-इंग्रजी टंकलेखन: मध्येच उगवणाऱ्या यादीशिवाय भाषा कशी बदलावी

सोसायटीची नोटीस असो, कार्यालयीन पत्र असो की भाषांतराचे काम, मराठी मजकुरात दर दोन-चार ओळींनी एखादा ईमेल पत्ता, कंपनीचे नाव किंवा फाइलचे नाव इंग्रजीत टाकावे लागतेच. तेवढ्यासाठी विंडोज कळ आणि स्पेस दाबली की पडद्याच्या कोपऱ्यात भाषांची यादी उघडते, क्षणभर रेंगाळते आणि निघून जाते. वेळ फार जात नाही, पण नजर ओळीवरून उठते. पानभर मजकुरात असे तीस वेळा झाले की वाक्याची लय मोडते आणि चिडचिड होते ती वेगळीच.

ही यादी मुळात येते कशाला? विंडोज-स्पेस हा शॉर्टकट ‘पुढची भाषा’ आणतो. पुढची म्हणजे कोणती, हे आधी कोणती चालू होती त्यावर ठरते, आणि ते लिहिणाऱ्याच्या लक्षात राहीलच असे नाही. म्हणून संगणक यादी दाखवतो. ‘मराठी’साठी एक ठरलेली कळ आणि ‘इंग्रजी’साठी दुसरी ठरलेली कळ असेल, तर आधी काय चालू होते याच्याशी आपल्याला घेणेदेणे उरत नाही. मराठीची कळ दाबली की मराठीच येणार. मग यादीही नको आणि कोपऱ्यात बघणेही नको. पुढची सगळी खटपट या एका गोष्टीसाठी आहे. बहुतेकांकडे विंडोज असते म्हणून आधी विंडोज ११, शेवटी लिनक्स आणि मॅक. विंडोजचा पडदा मराठीत फारसे कोणी वापरत नाही, त्यामुळे पर्यायांची इंग्रजी नावेच देवनागरीत दिली आहेत.

आधी यादी छाटा

शॉर्टकट लावण्याआधी संगणकात किती कीबोर्ड (म्हणजे कळांवरच्या अक्षरांच्या मांडण्या) भरले आहेत ते पाहा. सेटिंग्ज उघडा, ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जा आणि मग ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये. तेथे भाषांची यादी दिसेल. प्रत्येक भाषेसमोर तीन ठिपके असतात, त्यांवर टिचकी मारून ‘लँग्वेज ऑप्शन्स’ उघडले की त्या भाषेखाली कोणकोणते कीबोर्ड जोडले आहेत ते कळते.

दुकानातून आलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर इंग्रजीच दोनदा सापडते: एकदा इंडिया, एकदा युनायटेड स्टेट्स. त्यात कोणी हौसेने हिंदी जोडलेली असते, मराठीखाली इन्स्क्रिप्ट (सरकारी मांडणीचा) कीबोर्डही असतो आणि फोनेटिकही (उच्चारानुसार रोमन अक्षरांत लिहिण्याचा). म्हणजे पाच जागी फिरणारे चक्र. यातले दोनच ठेवा, एक इंग्रजी आणि एक मराठी. बाकीचे ‘रिमूव्ह’ करा.

दोन इंग्रजींपैकी मी इंडियावाला कीबोर्ड ठेवायला सांगेन. अक्षरे दोन्हीकडे त्याच जागी आहेत, पण इंडियाच्या कीबोर्डवर उजवी आल्ट आणि ४ दाबले की ₹ उमटते. बिले, कोटेशन आणि पावत्या लिहिणाऱ्याला एवढे एक कारण पुरे.

कधी कधी यादीतून काढलेला कीबोर्ड शॉर्टकट दाबल्यावर भुतासारखा परत दिसतो, सेटिंग्जमध्ये मात्र त्याचा मागमूस नसतो. यावर विचित्र वाटणारा पण चालणारा तोडगा असा: तोच कीबोर्ड मुद्दाम पुन्हा जोडा आणि लगेच काढून टाका. मग तो खरोखर जातो.

मराठीचा कोणता कीबोर्ड ठेवायचा

हा प्रश्न इथे टाळता येत नाही, कारण दोहोंपैकी एक कीबोर्ड स्वतःच पॉपअप घेऊन येतो. २०१९च्या मे महिन्यातील अपडेटपासून, म्हणजे आवृत्ती १९०३पासून, विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो. रोमन अक्षरांत शब्द लिहायचा आणि तो देवनागरीत उमटतो. शिकायला काही लागत नाही हे खरे, पण प्रत्येक शब्दाखाली पर्यायांची पट्टी उघडते आणि हवा तो शब्द निवडावा लागतो. ‘पाणी’ की ‘पानी’, ‘शाळा’ की ‘शाला’, हे दर वेळी डोळ्यांनी तपासायचे. भाषा बदलतानाचा पॉपअप घालवायचा आणि शब्दाशब्दाला उगवणारा ठेवायचा, यात काय मिळवले?

इन्स्क्रिप्टमध्ये अशी पट्टी नाही. दाबली ती कळ, उमटले ते अक्षर. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली हा आराखडा पुढे आणला आणि १९९१ साली भारतीय मानकात त्याला जागा मिळाली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. मराठीला लागणारी अडचणीची अक्षरेही हाताशी आहेत: एनच्या कळीवर ल, शिफ्टसह ळ, जेच्या कळीवर र, शिफ्टसह ऱ. ‘तऱ्हा’ किंवा ‘दुसऱ्या’मधला अर्धा ऱ लिहायला शिफ्ट-जे, मग डीवरचा हलंत आणि पुढचे व्यंजन, एवढेच. सुरुवातीचे काही आठवडे वेग मंदावतो, हे मान्य. पण जो माणूस रोज पानभर मराठी लिहितो त्याने इन्स्क्रिप्ट शिकावा, असे माझे ठाम मत आहे. आठवड्याला चार ओळी लिहिणाऱ्याने फोनेटिक खुशाल ठेवावा आणि पर्यायांच्या पट्टीचे वाईट वाटून घेऊ नये.

लगेच फरक पडणारा उपाय

सेटिंग्जमध्ये काहीही न बदलता एक सवय बदलून पाहा. विंडोज-स्पेस सोडा आणि डावी आल्ट दाबून शिफ्टला टिचकी द्या. विंडोजमध्ये हा शॉर्टकट सहसा आधीपासून चालू असतो. भाषा बदलते, मोठी यादी उघडत नाही, फक्त टास्कबारच्या उजव्या टोकाची खूण बदलते. दोन्ही कळा झटकन सोडायच्या, दाबून ठेवायच्या नाहीत. आल्ट डावीच हवी. इंडियाच्या कीबोर्डवर उजवी आल्ट वेगळ्या चिन्हांसाठी राखीव आहे.

यादीत दोनच कीबोर्ड ठेवले असतील तर कित्येकांचे काम इथेच संपते. विंडोज-स्पेसची यादी बंद करणारा पर्याय सेटिंग्जमध्ये शोधत बसू नका. त्या शॉर्टकटच्या वाटेला न जाणे हाच सोपा मार्ग.

तरीही आल्ट-शिफ्ट हे ‘पुढची भाषा’च आहे. फोन आला, चहाला उठलात आणि परत बसलात की आता काय चालू आहे हा प्रश्न राहतोच. एकाच बटणाने आळीपाळीने दोन खोल्यांचे दिवे लावावेत तशी ही व्यवस्था. प्रत्येक दिव्याला स्वतःचे बटण हवे असेल तर पुढे वाचा.

प्रत्येक भाषेला स्वतःची कळ

१. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ शोधून उघडा. सेटिंग्जमधून जायचे तर ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘टायपिंग’ आणि मग हा पर्याय. विंडोज १०मध्ये ‘डिव्हायसेस’ आणि ‘टायपिंग’ अशी वाट आहे.

२. तेथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ या ओळीवर टिचकी मारा. जुन्या धाटणीचा एक छोटा चौकोन उघडेल. त्यात ‘ॲडव्हान्स्ड की सेटिंग्ज’ नावाचा टॅब आहे.

३. टॅबमध्ये पहिली ओळ ‘बिटवीन इनपुट लँग्वेजेस’ अशी असते. हे ते चक्राकार बदलणे. त्याखाली ‘टू इंग्लिश’ आणि ‘टू मराठी’ अशा ओळी असतात. आपल्याला या खालच्या ओळी हव्यात.

४. ‘टू मराठी’ची ओळ निवडून ‘चेंज की सीक्वेन्स’ दाबा. ‘एनेबल की सीक्वेन्स’समोर खूण करा, डावी आल्ट आणि शिफ्ट हा जोड निवडा आणि शेजारच्या यादीतून अंक घ्या, समजा २.

५. इंग्रजीच्या ओळीला तसाच १ द्या. ओके, मग अप्लाय.

आता डावी आल्ट-शिफ्ट-१ म्हणजे इंग्रजी आणि डावी आल्ट-शिफ्ट-२ म्हणजे मराठी. आधीपासून मराठीच चालू असेल आणि तुम्ही पुन्हा मराठीची कळ दाबली, तर काहीच बिघडत नाही. त्यामुळे शंका आली की न बघता दाबून टाकायची. दोन-तीन दिवसांत बोटे स्वतःहून तिकडे जाऊ लागतात.

विंडोजचे मोठे अपडेट झाल्यावर हा चौकोन एकदा उघडून नेमलेल्या कळा जागेवर आहेत ना ते पाहून घ्यावे.

कोणती कळ निवडू नये

चौकोनात कंट्रोल आणि शिफ्टचा जोडही मिळतो. तो मोहात पाडतो, कारण बोटांना सोयीचा आहे. पण मराठी लिहिणाऱ्याने तो टाळावा. विंडोजच्या इन्स्क्रिप्टमध्ये कंट्रोल-शिफ्ट-१ आणि कंट्रोल-शिफ्ट-२ या कळा अदृश्य जोडक्या आणि तोडक्या चिन्हांसाठी आहेत. जोडाक्षर अर्धे दाखवायचे किंवा हलंत पायमोडा ठेवायचा तर तीच लागतात. एक्सेलमध्येही कंट्रोल-शिफ्टबरोबरचे अंक आकड्यांची मांडणी बदलतात: १ने साधी संख्या, ४ने चलन, ५ने टक्केवारी. लेखा विभागातल्या माणसाला ही कळ हिरावून घेतलेली आवडणार नाही.

एक्सेलवाल्यांची आणखी एक जुनी तक्रार याच चौकोनाशी जोडलेली आहे. लपवलेले स्तंभ परत आणणारा कंट्रोल-शिफ्ट-० हा शॉर्टकट अनेकांकडे चालतच नाही, कारण विंडोजने तो कीबोर्ड बदलण्यासाठी अडवून ठेवलेला असतो. ‘बिटवीन इनपुट लँग्वेजेस’ची ओळ निवडून ‘चेंज की सीक्वेन्स’ उघडा. डावीकडे भाषा बदलण्याची कळ दिसते, उजवीकडे ‘स्विच कीबोर्ड लेआउट’. उजवीकडच्या भागात ‘नॉट असाइन्ड’ निवडा. एका भाषेखाली एकच कीबोर्ड ठेवला असेल तर त्या कळीचा तसाही उपयोग नाही. आणि दोन ठेवले असतील तर कंट्रोल-शिफ्ट धरून शब्द निवडताना इन्स्क्रिप्टचा फोनेटिक होऊन बसण्याचा धोका टळतो.

त्याच चौकोनात ‘ग्रेव्ह ॲक्सेंट’ असा एक पर्याय आहे. एस्केपच्या खालची, अंक १च्या डावीकडची ती कळ. थायलंडमध्ये भाषा बदलायला हीच एकटी कळ वापरण्याची पद्धत आहे, आणि ती मराठीलाही बरी बसते. इन्स्क्रिप्टच्या मूळ आराखड्यात त्या जागी दक्षिणेकडील भाषांचा ऱ्हस्व ओकार आहे, मराठीत तो लागत नाही. एका बोटाचे काम, एकच कळ, जोड लक्षात ठेवायला नको. पण ही निवड फक्त चक्राकार बदलासाठी मिळते, आणि प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला ती कळ चिन्ह म्हणून रोज लागते. कोड न लिहिणाऱ्या लेखकाने, भाषांतरकाराने किंवा शिक्षकाने मात्र ती जरूर वापरून पाहावी.

वर्डमध्ये आल्ट एकटीच दाबली गेली तर रिबनवर छोटी अक्षरे उमटतात आणि पुढचे अक्षर आज्ञा म्हणून घेतले जाते. घाबरू नका, एस्केप दाबले की जातात. आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबायची सवय झाली की हा प्रकार थांबतो.

खिडकीगणिक वेगळी भाषा

‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’च्याच पानावर ‘लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच ॲप विंडो’ अशी एक लांबलचक ओळ आहे. समोर खूण केली की प्रत्येक खिडकी आपली भाषा लक्षात ठेवते. वर्डमध्ये मराठी, ब्राउझरमध्ये इंग्रजी. खिडकी बदलली की भाषा आपोआप बदलते, कळ दाबायचीच नाही. मराठीत लिहिताना शेजारी इंग्रजी संदर्भ शोधणाऱ्यांसाठी हा पर्याय सोन्यासारखा आहे.

पण सगळ्यांना तो मानवतो असे नाही. जो एकाच खिडकीत, एकाच ईमेलमध्ये दोन्ही भाषा मिसळतो त्याचा गोंधळ वाढतो, कारण परत आल्यावर त्या खिडकीने काय लक्षात ठेवले होते ते आठवत नाही. वर सांगितलेल्या ठरलेल्या कळा लावल्या असतील तर तोही प्रश्न सुटतो.

त्याच पानावर सर्वांत वर ‘ओव्हरराइड फॉर डीफॉल्ट इनपुट मेथड’ आहे. तेथे इंग्रजी निवडा. संगणक सुरू झाला की इंग्रजीपासून सुरुवात होते आणि पासवर्ड देवनागरीत लिहिला जात नाही. पासवर्डच्या चौकटीत अक्षरांऐवजी ठिपके दिसत असल्याने तेथे भाषा चुकली तर पत्ता लागत नाही, आणि बँकेच्या संकेतस्थळावर वारंवार चूक झाली की खाते अडकू शकते. म्हणून पासवर्ड लिहिण्याआधी इंग्रजीची कळ दाबायची, अशी सवयच लावून घ्यावी.

भाषेच्या नावाखाली येणारे बाकीचे पॉपअप

शिफ्ट सलग पाच वेळा दाबली की ‘स्टिकी कीज’ चालू करायच्या का, असे विचारणारा चौकोन येतो, वर आवाजही होतो. इन्स्क्रिप्टमध्ये महाप्राण अक्षरे, ळ, श, ष, सगळी शिफ्टवर असल्याने मराठी लिहिणाऱ्याचे बोट शिफ्टवर सारखे असते, आणि ती नुसतीच दाबली गेली की हा पाहुणा येऊ शकतो. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’, मग ‘कीबोर्ड’, आणि ‘स्टिकी कीज’ची ओळ उघडून तिच्या शॉर्टकटचा खटका बंद करा. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरली तर ‘फिल्टर कीज’चा असाच प्रश्न येतो, तोही त्याच पानावरून बंद होतो. ज्यांना हाताच्या त्रासामुळे या सोयींची खरोखर गरज आहे त्यांनी अर्थातच त्या ठेवाव्यात.

पडद्यावर भाषेची एक लांबट पट्टी तरंगत असेल आणि नेमकी लिहायच्या जागी येत असेल, तर ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’मध्ये ‘यूज द डेस्कटॉप लँग्वेज बार’ची खूण काढा. ती पट्टी हवीच असेल तर शेजारच्या ‘लँग्वेज बार ऑप्शन्स’मधून तिला टास्कबारमध्ये बसवा. टास्कबारवरची छोटी खूण मात्र काढू नका. ती मध्ये येत नाही, बोलत नाही, आणि कधीतरी उपयोगी पडते.

इंग्रजी लिहिताना शब्दांच्या सूचना डोक्यावर नाचत असतील तर ‘टायपिंग’च्या पानावर ‘टेक्स्ट सजेशन्स’चा खटका आहे. तो बंद.

लिनक्सवर

उबुंटू, फेडोरा आणि इतर अनेक ठिकाणी ग्नोम हा डेस्कटॉप असतो. तेथे सुपर-स्पेस (सुपर म्हणजे विंडोज कळच) दाबले की पडद्याच्या ऐन मध्यावर चौकोन येतो. विंडोजपेक्षाही डोळ्यांत भरणारा. सेटिंग्जमध्ये तो बंद करायचा खटका नाही, पण पळवाट चांगली आहे. ‘ग्नोम ट्वीक्स’ हा छोटा प्रोग्रॅम घाला, त्यात ‘कीबोर्ड’च्या भागात ‘ॲडिशनल लेआउट ऑप्शन्स’ उघडा आणि ‘स्विचिंग टू अनदर लेआउट’खाली आल्ट-शिफ्ट किंवा कॅप्स लॉक निवडा. या वाटेने भाषा बदलली की चौकोन येतच नाही; वरच्या पट्टीतली दोन अक्षरी खूण तेवढी बदलते. कॅप्स लॉक देवनागरीत निरुपयोगी आणि इंग्रजीत क्वचितच लागणारा, त्यामुळे मी तोच निवडायला सांगेन. करंगळीखाली असतो, जागा सोडावी लागत नाही.

त्याच यादीत कीबोर्डवरचा एखादा दिवा दुसरी भाषा चालू असल्याची खूण म्हणून वापरण्याचा पर्यायही आहे. स्क्रोल लॉकचा दिवा एरवी धूळ खात पडलेला असतो. जुन्या एक्स-११ सत्रात (एक्स-११ म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था) हे छान चालते: दिवा लागला की मराठी. पडद्यावर काही नाही, आवाज नाही.

केडीई प्लाझ्मा हा लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांचे काम आणखी सोपे. ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधल्या कीबोर्डच्या पानावर लेआउटची यादी असते आणि प्रत्येक लेआउटला स्वतःचा शॉर्टकट देता येतो, म्हणजे विंडोजच्या त्या जुन्या चौकोनातली सोय इथे समोरच मांडलेली आहे. भाषा संपूर्ण डेस्कटॉपला एक असावी की प्रोग्रॅमगणिक की खिडकीगणिक, हेही तेथेच ठरवता येते. पडद्यावर उमटणारी सूचना ‘जनरल बिहेवियर’मधल्या दृश्य सूचनांच्या खुणेबरोबर जाते, पण मग आवाज कमी-जास्त करतानाचा पट्टाही दिसेनासा होतो. तेवढे चालत असेल तर बंद करा.

लिनक्सवर मराठीसाठी इन्स्क्रिप्टशिवाय कागापा हा ध्वनीवर चालणारा लेआउटही आहे. तो पर्यायांची पट्टी उघडत नाही, म्हणून इन्स्क्रिप्ट शिकायची तयारी नसलेल्यांनी आधी तो पाहावा.

मॅकवर

‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘कीबोर्ड’, आणि ‘इनपुट सोर्सेस’समोरचे ‘एडिट’. तेथे कॅप्स लॉकने इंग्रजीत जाण्या-येण्याचा खटका आहे. तो लावा; पण कळ हलकेच दाबायची, धरून ठेवली तर ती खरी कॅप्स लॉक होते. पृथ्वीगोलाच्या चित्राची कळ असेल तर तिलाही हेच काम देता येते. कागदपत्रानुसार भाषा आपोआप बदलण्याचा पर्याय तेथेच आहे, तो विंडोजच्या खिडकीगणिक भाषेच्या जवळ जातो.

२०२३च्या सोनोमा आवृत्तीपासून मॅकवर भाषा बदलली की कर्सरला चिकटून एक रंगीत बुडबुडा येतो. तो फक्त टर्मिनलमधून (आज्ञा टंकण्याच्या खिडकीतून) आज्ञा देऊन घालवता येतो. संगणकाच्या पोटात हात घालायची सवय नसेल तर त्या फंदात पडू नये. तो बुडबुडा टिचकीगणिक येतो आणि टिचकीभरच राहतो.

कार्यालयात एकच संगणक दोघे-तिघे वापरत असाल तर लक्षात असू द्या, या सगळ्या कळा वापरकर्त्याच्या खात्यापुरत्या लागतात. सहकाऱ्याने स्वतःच्या खात्यातून प्रवेश केला की त्याचीच मांडणी दिसेल. आणि दुसऱ्याच्या विंडोज संगणकावर दोन ओळी लिहायला बसलात तर तेथे काही बदलू नका. डावी आल्ट आणि शिफ्ट बहुतेक ठिकाणी चालते.